कोपरातला कापूस

कोराडीच्या वीज केंद्राच्या वसाहतीत दरवर्षी रक्तदान शिबिर भरतं. तिथे मला एक निवृत्त फिटर भेटतात. आम्ही एकमेकांचं नाव कधी विचारलं नाही. सुई टोचताना ते वरच्या पंख्याशी बोलतात. नंतर कोपरात कापूस दाबून, हात दुमडून दिवसभर मिरवतात. चहाच्या टपरीवर कोणी विचारायच्या आतच सांगतात, "देऊन आलो ना गा!" मला त्याचा थोडा रागच यायचा.

यंदा डॉक्टर त्यांचं वय पाहून म्हणाले, "काका, आता नाही घेता येणार."

ते भांडतील असं मला वाटलं. पण ते खाटेच्या कडेला टेकले. मग नर्सला हळूच म्हणाले, "कापूस तं लावून दे वं माय. घरी बुढी वाट पाहून राहिली असन."

नर्सने कापूस ठेवून पट्टी चिकटवली. त्यांनी हात दुमडला. रक्त दिल्यावर मिळालेला माझा बिस्किटांचा पुडा मी त्यांच्यापुढे धरला.

"नाही गा," ते म्हणाले, "ते रक्त देणाऱ्याचं राह्यते."

आणि दुमडलेला हात सांभाळत ते टपरीकडे निघाले.