सपाटीवर थांबायचं नाही

डोंगरावरचं चर्च दिसायला लागलं आणि खालचा आणखीच दमला. इतके दिवस ते दिसत नव्हतं तोवर पाय मुकाट्याने चालत होते. आता दिसत होतं आणि जवळ काही येत नव्हतं. रस्ता गावात शिरला. दोन्ही बाजूंना दुकानं लागली. बेकरी, चपलांचं दुकान, शटर अर्धं ओढलेलं गॅरेज. चपलांच्या दुकानाकडे त्याने बघायचं टाळलं. त्याच्या पायात कामावरचेच बूट होते, पुढे लोखंडी टोपी बसवलेले. जन्मभर त्या बुटांनी बोटं वाचवली होती, म्हणून यात्रेलाही त्याने तेच घातले. बोटांवर कपाट पडण्याची इथे काही भीती नव्हती, हे त्याच्या ध्यानात आलं ते पहिल्या मोठ्या उतारावर. तोवर अंगठ्यांची नखं काळी पडली होती.

खालचा हे अर्थातच त्याचं नाव नव्हे. तो आणि त्याचा मेहुणा लोकांची घरं हलवायचे. एका घरातलं सामान उतरवायचं, दुसऱ्या घरात चढवायचं. जड कपाट जिन्याने न्यायचं तर एक माणूस वर लागतो, एक खाली. वरचा पाठमोरा चढतो. दाराची चौकट कुठे, कठडा कुठे, वळणावर किती कलवायचं, हे सगळं त्याने बघायचं. खालच्याने छाती लावायची आणि वजन घ्यायचं. मेहुण्याची नजर तयार होती, म्हणून तो वर. याची छाती रुंद, म्हणून हा खाली. उलटं चालून चालून मेहुण्याचं नाव पडलं उलटा, याचं खालचा. बायको चारचौघांत म्हणायची, "कामावर खालचा आहे, त्याचं सगळं उट्टं घरी येऊन काढतो."

नवस तिचाच होता. एकदा खिडकीतून कपाट वर ओढताना दोर तुटला आणि कपाट खाली फुटपाथवर उभ्या असलेल्या उलट्याच्या अंगावर आलं. तो दवाखान्यात बेशुद्ध पडून होता तेव्हा त्याच्या बहिणीने मारियामातेला शब्द दिला, माझा भाऊ उठून बसला तर तुझ्या दारी चालत येईन. भाऊ उठला. महिन्याभराने जेवणावरून भांडायलाही लागला. पण तिचं जाणं लांबत गेलं. आधी मुलीची शाळा, मग सासूचं अंथरूण धरणं. लाँड्रीत दिवसभर उभं राहून इस्त्री करायची, त्यात पायाच्या शिरा फुगल्या. शेवटच्या आजारात एकदा म्हणाली, "तेवढं राहिलं बघा."

"मी जाऊन येतो," तो म्हणाला.

तिने डोळे मिटले होते. तो उठायला लागला तसे उघडले. "चालत हं," ती म्हणाली.

त्या "चालत हं"साठी तो इथवर आला होता, आणि त्याच्या मागोमाग उलटाही. वाटेत एक पाऊलसुद्धा चाकावर टाकलं नव्हतं. आता डोंगराच्या पायथ्यापर्यंतचा हा गावातला रस्ता आणि पुढे वर जाणाऱ्या पायऱ्या, एवढंच उरलं होतं. आणि उजवा घोटा भाकरीसारखा फुगला होता.

चर्चची गाडी मागून आली आणि त्याच्या चालीने हळूहळू बरोबर चालायला लागली. दमलेल्या यात्रेकरूंना गोळा करणारी छोटी व्हॅन होती. आत चार-पाच जण मान टाकून बसले होते. चालवणारी बाई काच खाली करून म्हणाली, "बसा की काका. सगळेच बसतात इथे. देव काही पाय मोजत नाही."

"देव नाही मोजत," उलटा मागून म्हणाला. "माझी ताई मोजते."

"कुठंय ताई?"

"तीच तर पंचाईत आहे."

बाईने दोघांकडे पाहिलं आणि काच वर केली. गाडी पुढे गेली. खालच्याने आणखी दहा-वीस पावलं टाकली असतील, घोट्यातून कळ गेली आणि तो गॅरेजच्या ओट्यावर बसला. बसला म्हणजे आपटलाच. उलट्यानेही लगेच शेजारी अंग टाकलं, जणू वाटच बघत होता.

"संपलं," खालचा म्हणाला.

"बूट काढू नका. काढलात तर परत जाणार नाही."

"माहीत आहे."

दोघे काही वेळ नुसते धापा टाकत राहिले. गॅरेजमधला मेकॅनिक गाडीखालून डोकं बाहेर काढून बघून गेला.

"सकाळपासून एकदा तरी थांबायला हवं होतं, भाऊजी," उलटा म्हणाला. "माझी टाच केव्हाच फाटली. मोज्यात रक्त आहे."

खालच्याने मान वळवली. "मग बोलला का नाहीस?"

"मी कसा बोलणार? थांब म्हणायचं तुम्ही. वजन ज्याच्यावर त्याचा शब्द."

"अरे, इथे कसलं वजन?"

"नवस तुमच्या अंगावर होता ना."

"आणि मी म्हणत होतो, तू दमला नाहीस तर मी कशाला थांबवू. त्यात रस्ता सपाट."

"सपाटीवर थांबायचं नाही," उलटा म्हणाला.

"सपाटीवर थांबायचं नाही," खालचाही म्हणाला.

हा त्यांच्या धंद्यातला नियम होता आणि बरोबर होता. जिन्यावर थांबलं तर सामान पायरीवर टेकवता येतं, पुन्हा उचलायला फार जोर लागत नाही. सपाटीवर ते जमिनीला लागतं, आणि जमिनीवरून उचलायला जेवढी ताकद जाते तेवढ्यात माणूस रस्ता पार करतो. म्हणून सपाट दिसलं की दात खाऊन सरळ निघायचं. यात्रेतला आजचा रस्ता पहाटेपासून सपाट होता. बाकीची माणसं झाडाखाली बसून पाणी पीत होती, पाय चोळत होती, आणि हे दोन म्हातारे त्यांच्यासमोरून खाली मान घालून गेले होते. एका सिस्टरने हाकही मारली होती, "मागे कोणी लागलंय का?" दोघांनी नुसतं पाऊल आणखी उचललं.

उलट्याला आधी हसू आलं. मग खालच्याला. हसताना बरगड्या दुखल्या म्हणून दोघे थांबले.

"तुम्ही गाडीत बसा," उलटा म्हणाला. "वर मी जातो. नवस माझ्या जिवासाठी होता, माझे पाय चालायला हवेत. ताईला मी सांगेन."

"तू काय सांगणार तिला? लहानपणी तिला दूध सांडलेलंसुद्धा मांजरीच्या नावावर सांगायचास."

"आणि ती मानायची."

"मानायची नाही. सोडून द्यायची." खालच्याने घोट्यावर हात ठेवला. बुटाच्या कातड्यातूनही तो गरम लागत होता. "तिने मला सांगितलंय. मला. हे ती सोडून देणार नाही."

 उलट्याने पाठीवरची पिशवी खाली घेतली. पिशवीचा बंद कधीचा तुटला होता आणि तिला कामावरचा जुना पट्टा बांधला होता, कपाटाखालून घालायचा रुंद सुती पट्टा, कडेला काळा पडलेला. तो त्याने सोडला. "पायथ्यापर्यंत कसं तरी चला," तो म्हणाला. "पुढे जिना आहे. जिना आपला आहे."

पायथ्यापर्यंतचं चालणं वाईट होतं. भिंतीला हात लावत, दर दारापाशी थांबत खालचा गेला. तेवढ्या अंतराला त्यांना अर्धी दुपार लागली. पायऱ्यांखाली उलट्याने पट्टा त्याच्या पाठीमागून काखेखालून घेतला, दोन्ही टोकं आपल्या मनगटांना गुंडाळली आणि तो पाठमोरा पहिल्या पायरीवर चढला.

"उचला," तो म्हणाला.

खालचा पुढे कलला, छाती लावल्यासारखा. दोघांच्या मध्ये काहीच नव्हतं, तरी हात आपोआप तिथे गेले जिथे कपाटाचा तळ असतो. पट्टा ताणला. घोट्यावरचा भार थोडा कमी झाला. चांगला पाय आधी, मग दुखरा. उलट्याच्या टाचेतून प्रत्येक पायरीला कळ जात असणार, कारण दर पावलाला तो नाकातून हूं करत होता, पण चाल बिघडली नाही.

पहिल्याच वळणावर खालचा म्हणाला, "थांब."

उलटा थांबला. "आता कसं बोललात. सकाळी हेच."

"गप. दम घेऊ दे."

उतरणारी माणसं कडेला होऊन बघत होती. एकाने विचारलं, "काय नेताय?"

"कपाट," उलटा म्हणाला. "आमच्या ताईचं."

वळणावळणाला खालचा थांब म्हणत गेला आणि त्याला त्याचं काही वाटलं नाही. जिन्यावर तो त्याचा हक्कच होता. एकदा उलट्याचा तोल गेला, तेव्हा खालच्याने पट्ट्याला मागे झोक देऊन त्याला सावरलं. मग दोघे तिथेच पायरीवर बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. सावली भिंतीवरून खाली उतरली. मग उलट्याने उठून पट्टा पुन्हा ताणला.

चर्चच्या दारातून उलटा पाठमोराच आत गेला. उंबऱ्याची उंची त्याने न बघता ओळखली. मिस्सेची प्रार्थना कधीच आटोपली होती. वेदीजवळ एक म्हातारा वितळलेलं मेण खरवडून काढत होता. त्याने यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खरवडायला लागला. पुतळ्यासमोरच्या बाकापर्यंत ते तसेच गेले.

उलट्याने मागे वळून जागा बघितली. "ठेवा, भाऊजी," तो हळू म्हणाला.

खालचा बाकावर बसला. मातेला काय सांगायचं ते वाटेत रोज थोडं थोडं जुळवलं होतं, त्यातलं काहीच आठवेना. आनंदही झाला नाही. जड सामान खूप वेळ धरून सोडलं की हात आपोआप थोडे वर उचलले जातात, आपले नसल्यासारखे. तसे त्याचे दोन्ही हात मांडीवरून वर आले. तो त्यांच्याकडे बघत राहिला.

"आलो," तो शेवटी म्हणाला. "चालत."

उलटा शेजारी बसून मनगटावरचा पट्टा सोडत होता. पट्ट्याचे लाल वळ उठले होते. "परत कसं जायचं?" त्याने विचारलं.

"गाडीने," खालचा म्हणाला. "परतीचं ती काही बोलली नव्हती."

मग त्याने वाकून बुटाची नाडी सोडली.