जर्मनीतला कोळसा

अकोल्यात माझ्या शेजारी राहणारा हा गडी वीटभट्टीवर कोळसा टाकतो. गुजरातेतून ट्रकनं येणारा स्वस्त, भुरा कोळसा. जळतो कमी, धूर जास्त. घरी आला की तो आधी खोकतो, मग चप्पल काढतो. बोलताना सारखा छाती चोळतो आणि वर म्हणतो, "काई नाई होत."

आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी. कोणी विचारलं की खरं तेच सांगतो. एकदा त्यानं विचारलं, "सर, हा कोळसा दुसरीकडं जाळतेत का?" मी म्हटलं, जर्मनी-पोलंडात चुन्या-सिमेंटच्या भट्ट्यांत जाळतात, पण तिथं धूर गाळून सोडतात, आणि आता हा कोळसाच बंद करायला निघालेत.

तेव्हापासून त्याची बायको दवाखान्याचं बोलली की याचं ठरलेलं, "जर्मनीवाले का येडे हायेत? इचार शेजारच्या सरले!"

परवा ती खरंच विचारायला आली. "भाऊ, खरं सांगा. या कोळशानं आमच्या ह्यायले काई होनार नाई ना?"

मी तोंड उघडलं, तर तिच्या मागं दारात तो उभा. त्यानं मला हात जोडले.

"जर्मनीतही जाळतात, वहिनी," एवढंच मी म्हणालो.

तिचा चेहरा मोकळा झाला. ती स्वयंपाकाला गेली, तसा तो जवळ आला.

"दवाखान्यात जाऊन आलो मी, सर. भट्टी सोड म्हनते डाक्टर. हिले कळलं तं मले भट्टीवर जाऊच देनार नाई."

मग खोकला दाबत तो घरात गेला.