वास आला की काढा

आमच्या घरी ओव्हन लावून घड्याळाकडे बघायची पद्धत नव्हती. खमंग वास आला की काढायचं. त्या रविवारी केळव्याहून थोरले दीर आणि जाऊबाई यायचे होते. जेवणाआधी तोंडात टाकायला म्हणून मी ग्रीक चीजची खारी बिस्किटं करत होते. मिठाच्या पाण्यात मुरवलेलं फेटा चीज मुलीने मुंबईहून आणलं होतं. ते कुस्करून लोणी-मैद्यात मळलं. पुस्तकातला ग्रीक पाला बोईसरला कुठे मिळणार, म्हणून ओवा चुरडून घातला. पहिला ट्रे छान उतरला. दुसरा आत ठेवून मी शेजारी खुर्च्या मागायला गेले. यांना सांगितलं, वास आला की काढा.

परतताना जिन्यातच करपट वास आला. जाऊबाई नेमक्या तेव्हाच पोचल्या होत्या. आत धूर, आणि हे ओव्हनला लागून स्टुलावर पेपर वाचत बसलेले.

जाऊबाई म्हणाल्या, "काय ओ भावजी, नाक कंपनीत ठेवून आलात काय?"

सगळे हसले. हेही हसले, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

यांची कंपनी तारापूरला, रसायनांची. वायू गळला की तिथलं यंत्र वाजतं. पण ते उगाचही वाजतं, म्हणून हाताखालची पोरं आधी यांना विचारत. काकांनी वास आहे म्हटलं की जागा सोडायची.

पाहुणे गेल्यावर मी विचारलं. वास कधीपासून येत नाही, ते त्यांनाही नीट सांगता येईना.

"उद्या साहेबांना सांगा."

"सांगतो. पण सगळ्यांसमोर नको. दुपारी, ते एकटे असताना."

"आणि तोवर कोणी विचारलं तर?"

त्यांनी उठून खिडकी लावली. कारखान्यांच्या वसाहतीकडून वारा आला की आम्ही खिडक्या लावतो. त्या संध्याकाळी बाहेर कसलाच वास नव्हता.

सकाळी उरलेली चांगली बिस्किटं मी डब्यात दिली.

दुपार व्हायच्या आधीच यंत्र वाजलं. पोरांनी विचारलं, काका, वास येतोय का? यांनी एकदा यंत्राकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुम्ही बाहेर जा सगळे. मी बघून येतो."

आत गेले ते परत आले नाहीत. हे सगळं मला डबा परत आणून देणाऱ्या त्यांच्या सोबत्याने सांगितलं. तो गेल्यावर मी डबा उघडला. बिस्किटं तशीच होती. ओव्याचा वास अजून येत होता.