म्या हात घातला न्हाई

गढीच्या चौकात दिवाणजीनं मला अंबाडा सोडायला लावला. सगळ्या गड्यांसमोर. केस झाड म्हणला. मंग लुगड्याचा ओचा झाडायला लावला. मंग चोळीची गाठ सोडायला लावली. काही गडी खाली बघत व्हते. काही बघत व्हते. देशमुखीणबाई वसरीत बसून पानाला चुना लावीत व्हत्या. त्यांची नथ हरवली व्हती. माझ्यापाशी काहीच निघालं न्हाई, तर दिवाणजी म्हणला, "धनगराची बाई. गिळली आसंल."

लोक हसले.

निजामाचं राज व्हतं. पर भोकरदनकडच्या आमच्या गावाला निजाम कधी दिसला न्हाई. दिसायचा तो देशमुख. आमची मेंढरं त्याच्या माळावर चरायची, म्हणून घरातल्या एका बाईनं गढीत वेठीला जायचं. शेण काढायचं, दळण दळायचं. सासूच्या मागं ते माझ्याकडं आलं.

देशमुख वसरीवर आला. माझ्याकडं बघितलंबी न्हाई.

"उद्या खंडोबाम्होरं कढई चढवा. तेलातली अंगठी हातानं काढू दे तिला. पोळली न्हाई तर सोडून देऊ. देव खोटं बोलत न्हाई."

त्या कढईत जळलेला हात म्या लहानपणापासून बघितला व्हता. माझ्या मायचा. बोटं एकमेकाला चिकटलेली, भाकर थापायची ती डाव्या हातानं. मी रांगत व्हते तव्हा गढीतल्या तुपाचा आळ तिच्यावर आल्ता. तिनं येळकोट म्हणून तेलात हात घातला. हात जळला. मंग ती चोर ठरली. मी चोट्टीची पोर म्हणून वाढले. मलाबी वाटायचं, देवानं निकाल दिला, त्याच्यापुढं कोण बोलणार?

माहेर त्याच गावात. गढीतून तशीच मायकडं गेले. ती दारात बसून लोकर पिंजत व्हती.

"माय, खरं सांग. तूप घेतल्तं का तू?"

"न्हाई."

"मंग देवानं हात कामून जाळला?"

तिनं लोकर खाली ठेवली. "देवानं न्हाई जाळला, बाई. तेलानं जाळला. उकळतं त्याल कोणालाबी जाळतं."

इतक्या वर्सांत तिला हे कोणी इचारलंच न्हवतं.

आजवर माझ्या मनात खंडोबा आन् देशमुख एकाच गादीवर बसले व्हते. देशमुख बोलला की देव बोलला. त्या दिशी ते दोघं येगळे झाले.

सकाळी सगळा गाव देवळापाशी. तीन धोंड्यांवर कढई, खाली पऱ्हाट्यांचा जाळ. गुरवानं माझ्या कपाळाला भंडार लावला. माझा नवरा लांब, कुंपणापाशी हुभा. म्या देवळात बघितलं. मनात म्हणलं, देवा, तुला ठावं हाय. तुला ठावं हाय तेवढं बास झालं. भ्या गेलं.

"घाल हात," दिवाणजी म्हणला.

"न्हाई घालत."

"देवाला भीत न्हाईस का गं?"

"न्हाई. मी तुम्हालाच भीत व्हते. म्या नथ घेतली न्हाई हे देवाला ठावं हाय. त्याला माझा हात जाळून बघायची गरज न्हाई."

मंग देशमुख उठला, म्हणला, "झालं. कबूल झाली."

चमत्कार झाला न्हाई. म्या मागितलाबी न्हाई. नथ कधी सापडली न्हाई. माळ बंद झाला. मेंढरं भुकेनं वरडू लागली. दिरांनी नवऱ्याला घेरलं. तो मला एवढंच म्हणला, "तू जा."

मायला घेऊन मी जालन्याला आले. जुन्या जालन्यात अडत्याच्या दुकानापुढं सांडलेली जवारी येचायची, पाखडायची. माय पहिल्याच थंडीत गेली. मातीला चार माणसं गोळा करायला मी गल्लीत हिंडले.

मंग हिंदुस्थानची पलटण आली. निजामाचं राज गेलं. बाजारात पेढे वाटले. मला वाटलं, गावाकडं आता काही येगळं झालं आसंल.

थोड्या दिसांनी धाकटा दीर आला. वाळून गेल्ता.

"गढीवर तिरंगा लागला, वैनी. देशमुख खुर्चीवर बसतो आता. तो म्हणतो, तिनं देवळापुढं येऊन माझ्या पाया पडावं, मंग माळ मोकळा करतो. मेंढरं मरून राह्यली. दादानंच धाडलं मला."

"पाया पडून काय म्हणायचं?"

तो खाली बघत म्हणला, "चूक झाली म्हणायचं."

"चोरी केली म्हणायचं का?"

"तसंच म्हणावं लागंल. एक बार म्हण. काय जातंय तुझं?"

माझं जायचं ते सगळं गेल्तं. संसार गेल्ता, माय गेल्ती. उरलं व्हतं ते एवढंच, जे देवाला आन् मला बराबर ठावं व्हतं. तेच मागायला आल्ता तो.

"खंडोबाच्या पाया मी हितं बसूनबी पडते," म्या म्हणलं. "देशमुखाच्या पडणार न्हाई."

तो गेला. मेंढरांचं काय झालं, मला कळलं न्हाई. मला न्यायला पुन्हा कोणी आलं न्हाई, येणारबी न्हाई. मेल्यावर खांदा द्यायला माझं माणूस न्हाई. गावात आजबी मी चोरच हाय. आसू दे. जे म्या केलं न्हाई, ते मी कबूल करणार न्हाई.