सरावाचा फॉर्म

शालिग्राम सरांना गावात कोणी नुसतं मास्तर म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. माझे वडील, भिकाआबा, त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी मोठे, तरी वाटेत सर दिसले की बिडी विझवायचे. मी सरांबद्दल लिहितेय हे कळलं तर निम्मं गाव म्हणेल, मंजुळा उपकार विसरली. म्हणू देत. उपकार चांगले लक्षात आहेत म्हणून तर लिहायला बसले.

आमचं गाव धुळ्यापासून सात-आठ कोसांवर. शाळा दहावीपर्यंत होती, एकोणनव्वद साली तिला अकरावी-बारावी कला जोडली. शनिवारची सकाळची शाळा सुटली की सर आम्हा दहावीच्या मुलांना थांबवून ‘बाहेरचा तास’ घ्यायचे. मनिऑर्डर कशी भरायची, मेसमध्ये दुसरी भाकरी मागताना लाजायचं नाही, खोलीमालकाशी भाडं आधी ठरवायचं, कारकुनापुढे मान खाली घालायची नाही, असलं सगळं त्या तासाला. एकदा एसटीनं धुळ्याला नेलं. तिथल्या देवपूर भागात तंत्रनिकेतनाच्या खिडकीवर एकेकाला एकटं पाठवलं आणि स्वतः टपरीवर चहा पीत बसले.

मी खिडकीत तोंड घालून म्हटलं, “साहेब, माले फॉर्मनी माहिती जोयजे.” आतला कारकून हसला. मी रडत परत आले.

“हसला तो त्याचा प्रश्न,” सर म्हणाले. “माहिती मिळाली का? नाही ना? मग जा परत.”

मी गेले आणि माहितीपत्रक घेऊनच आले. येताना वर्कशॉपचं दार उघडं दिसलं. आत निळा कोट घातलेली एक मुलगी लेथवर काम करत होती. मला तिच्या जागी उभं राहायचं होतं, बस्स. त्या दिवशी सरांनी विहिरीत उडी मार म्हटलं असतं तर मी फक्त विचारलं असतं, कुठल्या?

फेब्रुवारीत सरांनी अर्जांचा सराव घेतला. आमच्याच शाळेच्या अकरावीचे कोरे प्रवेश-अर्ज वाटले. खाडाखोड न करता भरायचे, फोटो चिकटवायचा, घरून पालकांची सही आणायची. “सरावच आहे, पण खऱ्यासारखा करा,” म्हणाले. वडिलांनी माझ्या धाकट्या भावाच्या पाटीवर चारदा गिरवून मग सही केली. माझा अर्ज सगळ्यांत स्वच्छ निघाला. सरांनी तो वर्गाला फिरवून दाखवला, आणि मी आठवडाभर हवेत होते.

दहावीला मला एक्क्याऐंशी टक्के पडले. तंत्रनिकेतनात जायचं तर शाळा सोडल्याचा दाखला हवा. ते काम सरांकडेच होतं. पहिल्यांदा गेले तर हेडसर सहीला नव्हते. मग दाखल्यांचं पुस्तक संपलं होतं. मग शिक्का सापडेना. थेट हेडसरांच्या घरी जावं हे मला सुचलंच नाही. कारकुनाला न भ्यायला सरांनी शिकवलं होतं, सरांवर संशय घ्यायला कोण शिकवणार? मुदतीला तीन दिवस उरले तेव्हा वडील गेले. परत येऊन आईला म्हणाले, “सर सांगतस, काळजी नही करानी. सर काय खोटं बोलतीन?”

मुदत संपली.

जुलैत शाळेचे शिपाई लोटनआबा दारात उभे. “पोरी, तुनं नाव अकरावीमा शे. तीन दिन झायात, तू काब्र येत नही?”

मी तशीच शाळेत धावले. ऑफिसात लोटनआबांनी माझा अर्ज काढून दाखवला. माझं अक्षर, माझा फोटो, वडिलांची गिरवून केलेली सही. वर जूनची तारीख तेवढी सरांच्या अक्षरातली होती.

सरांना स्टाफरूममध्ये गाठलं. “सर, हा तर सरावाचा होता.”

“पट चाळीसचा लागतो, मंजुळा. एकोणचाळीस झाला की तुकडी गेली, आणि तुकडीबरोबर माझी जागा. या वयात मला नवापूरकडे धाडतील. तू दोन वर्षं इथं काढ, मग जा की देवपूरला.”

आवाज अगदी शनिवारच्या तासाचा. मला त्याचाच संताप आला. घरी सांगितलं तर वडील म्हणाले, “गुरूसंगे भांडण नही करानं.” दोन वर्षांनी कसलं देवपूर! बारावीचा पेपर संपला आणि महिन्यात माझं लग्न लागलं.

तरी त्या जुलैत मी सरांना थोडं समजून घेतलं होतं, हे कबूल करते. जागा जाईल म्हणून माणूस घाबरतो. घाबरलेला माणूस काय वाट्टेल ते करतो. असं स्वतःला सांगत मी अकरावीच्या बाकावर बसत होते.

ऑगस्टमध्ये एकदा हजेरीचा कॅटलॉग ऑफिसात नेऊन ठेवायला मला सांगितलं. वाटेत उघडला. चाळिसावं नाव माझं. त्याखालचा कागद ब्लेडनं खरवडून पातळ झालेला. पान उजेडाला धरलं तेव्हा आधीचं नाव वाचता आलं. पुष्पा शालिग्राम. सरांची मुलगी, दहावीला माझ्याच वर्गात होती, अडुसष्ट टक्के.

“आबा, पुष्पा कोठे शे?” मी लोटनआबांना विचारलं.

“ती देवपूरले, मामाना घर. तंत्रनिकेतनमा नंबर लागना तिना. तुले माहीत नही?”

आबांनीच मग दाखल्यांचं पुस्तक उघडून दाखवलं. आबा म्हणाले, निकालाच्या दिवशी सरांनी पटावर चाळिसावं नाव पुष्पाचंच लिहिलं होतं; दुसऱ्याच दिवशी तिचा दाखला निघाला होता. सही होती, शिक्काही होता. चाळिसावी पोर सरांच्या घरातच होती, आणि त्यांनी ती जागा माझ्यावर ढकलली.