नऊच्या आतले शहाणे

वाईट कोड वाचला की भाऊ खुर्चीतून उठायचा आणि बेसिनवर जाऊन साबणानं हात धुवायचा, पार कोपरापर्यंत. "छी! कोणं लिवलं हे?" यवतमाळच्या आमच्या छोट्याशा सॉफ्टवेअर कंपनीत त्या वर्षी साबण फार लागला.

तुम्हीही असा तिरसट माणूस पाहिला असेल. मी त्याच्या शेजारी बसायची. माझा डबा तो आधी हुंगायचा, मग म्हणायचा, "ताई, तुमच्या वांग्याच्या भाजीत तरी लबाडी नाही." त्याच्याकडून एवढं म्हणजे कौतुकच.

राळेगावकडच्या एका कापूस खरेदी केंद्राचं काम आमच्याकडे होतं. तिथल्या एकाच कॉम्प्युटरच्या पोटात तीन-चार व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सोंग घेतलेले कॉम्प्युटर, चालायचे. काटा, प्रिंटर, सगळं नंबरानं जोडायचं आणि नंबरानंच काढायचं. आमच्या प्रोग्रामचा एक भाग नंबर दहाच्या हिशोबात लिहायचा, दुसरा तोच सोळाच्या हिशोबात वाचायचा. नऊपर्यंत दोन्हीकडे आकडा सारखाच, त्यामुळे कोणाला पत्ता नाही; पण सोळाच्या हिशोबात '१०' लिहिलं की ते सोळा होतात. हंगामात उपकरणं वाढली, आणि दहा नंबरचा प्रिंटर काढायला सांगितला की सोळा नंबरचा वजनकाटा निघायला लागला.

"नऊच्या आत सारेच शहाणे," भाऊ म्हणाला आणि हात धुवायला गेला.

तिकडे भाव आधीच पडलेला, शेतकऱ्यांच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत, आणि वर कापूस असताना काटा मेलेला. आमच्या मालकानं केंद्राला फोनवर बिनदिक्कत सांगितलं, "कापूस ओला हाये, म्हणून काटा घेऊन नाही राह्यला." झालं! केंद्रानं गाड्या परत पाठवल्या.

भाऊनं एकेक जागा शोधून दुरुस्त केली. नंबर आत येतानाच त्याचा हिशोब ठरवायचा, पुढे सगळीकडे तोच. मग मालकाला म्हणाला, "आता केंद्राले सांगा, चूक आपली होती. शेतकऱ्यायच्या गाड्या वापस बोलवा."

"चालून राह्यलं ना आता? मंग कायले उकरता?"

भाऊ एसटीनं केंद्रावर गेला आणि रांगेसमोर उभा राहून सांगून आला, "कापूस कोरडाच होता. आमचा प्रोग्राम नासका होता." गाड्या परत आल्या, कापूस घेतला गेला. भाऊची नोकरी गेली.

शेवटच्या दिवशी मालकानं चारचौघांत हात पुढे केला. भाऊनं तो हातात घेतला, सोडला, आणि सरळ बेसिनवर गेला. कोपरापर्यंत धुतले. मला हसू आलं आणि रडूही.

त्याच्या साबणाची वडी तिथंच वाळून तडकली आहे. ऑफिसात सगळं सुरळीत चालू आहे. छी!