ट्रे आणि सोफा

टीव्हीवर एका वृद्ध कृष्णवर्णीय अमेरिकन अभिनेत्रीची मुलाखत चालू होती. उमेदीची वर्षं तिनं मालिकांमध्ये कामवाली बनून ट्रे घेऊन येण्यात घालवली. मग एकदाची ती नायिका झाली आणि पडद्यावर पहिल्यांदा सोफ्यावर बसली.

माझी सावळी भाची मेघाही बघत होती. सावळ्या मुलीवरच्या नव्या मालिकेसाठी तिनं ऑडिशन दिली होती.

"काय झालं गं त्याचं?" मी विचारलं.

"कामवालीचा रोल देतायत, मावशी. नायिका गोरीच घेतलीय. तिला रोज काळा मेकअप करणार."

मी कपाळावर हात मारला. म्हणजे काळा रंग चालतो, फक्त तो डबीतला हवा!

"जाऊ दे, चहा आणते," म्हणत मेघा उठली.

"बस खाली!" मी ओरडले आणि ट्रे आणायला स्वतःच गेले.